एकोणपन्नास की पन्नास

११ जानेवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फाडणार, ते मला ठाऊक आहे. फाड. पण त्याआधी एवढी एक ओळ वाच. तू पास झाला होतास.

वायरमनच्या परवान्याची ती परीक्षा, चौदा वर्षांपूर्वीची. एकोणपन्नास पडले म्हणून तुला नापास केलं होतं. तुला पन्नास होते. पुरे पन्नास.

परवा हे कळलं. ऑफिसात खुर्चीवरून उठले आणि परत खाली बसले, एवढंच आठवतं. बाजूच्या मुलीने पाणी आणलं तर ते मी कीबोर्डवर सांडलं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. पत्ता तुझ्या सायकल-दुकानवाल्या मित्राकडून काढला, अक्षरशः हातापाया पडून. त्याला काही बोलू नकोस.

आता नीट सांगते. मी काय काम करते हे तुला माहीत नसणार. जुने प्रोग्राम असतात ना, ते त्यांच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच चालतात. नव्या मशीनवर नेले की तिथली भाषाच त्यांना कळत नाही. म्हणून मध्ये एक सॉफ्टवेअर बसवतात. जुना प्रोग्राम म्हणतो, अमुक फाइल उघड. मधलं सॉफ्टवेअर ते नव्या सिस्टिमला तिच्या भाषेत सांगतं आणि उत्तर परत जुन्याच्या भाषेत आणून देतं. जुन्याला वाटतं, आपण अजून आपल्याच घरात आहोत. आमच्याकडे सगळे त्याला दुभाष्या म्हणतात. दुभाष्या लिहिणारे वेगळे. मी त्याची परीक्षा घेणारी. दोनच प्रश्न विचारायचे असतात: बरोबर सांगतोस का, आणि वेळेत सांगतोस का.

एका टेबलावर दोन मशीन. एक जुनं, त्याला आम्ही म्हातारा म्हणतो, चालू केलं की मिक्सरसारखं घरघरतं. दुसरं नवं, त्यावर दुभाष्या. दोघांना एकच काम द्यायचं, घड्याळ लावायचं, आणि शेवटी दोघांच्या फाइली अक्षर न् अक्षर जुळवायच्या. पहिला फेरा धरायचा नाही, पुढचे पाच धरायचे. या वेळचं गिऱ्हाईक म्हणजे परीक्षा मंडळ. हो, तेच. बाबांचं. निकाल लावायचा प्रोग्राम तिथे अजून तोच आहे, बाबा चालवायचे तोच, आणि तो चालवणारी मशीन आता मिळेनाशी झाली आहेत.

सोळा वर्षांचे निकाल परत लावायला म्हाताऱ्याला एक्केचाळीस मिनिटं लागली. दुभाष्याला सहा. मी खूश! मग जुळणी लावली. दोनशे अकरा ओळी जुळेनात. सगळीकडे एकच भानगड, म्हातारा म्हणतो एकोणपन्नास, नापास. दुभाष्या म्हणतो पन्नास, पास.

मला वाटलं, आमचाच दुभाष्या बोबडा निघाला. नावं पुसून दिलेली होती, नुसते बैठक क्रमांक. एकेक ओळ बघत खाली आले आणि बोट थांबलं. २०४१८. लेखी ४७, प्रात्यक्षिक ६१, वर्षभराचं काम ४१.

कागदावर मांडून पाहिलं. लेखीचे निम्मे, साडेतेवीस. प्रात्यक्षिकाचे तीस टक्के, अठरा पूर्णांक तीन. वर्षभराच्या कामाचे वीस टक्के, आठ पूर्णांक दोन. पाचवीतल्या पोराला दिलं तरी पन्नास करील.

चौदा वर्षांनी तुझा बैठक क्रमांक मला पाठ कसा, ते विचारू नकोस.

मी तेव्हा लहान होते रे. घरात काय पेटलंय ते मला कुठे कळत होतं! तू जेवणाच्या टेबलापाशी उभा राहून सांगत होतास की बेरीज चुकली आहे, आणि बाबा मान वर न करता म्हणाले, "मशीन कुणाचा काका-मामा नाही. ते खोटं बोलत नाही. माणसं बोलतात." हे शब्द मात्र जसेच्या तसे आठवतात.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

तुझी,
खार

१८ जानेवारी

दादा,

पहिलं पत्र मिळालं असेल असं धरून लिहिते.

आमच्याकडे एक चष्मिस आहे. दुभाष्याचा आकडेमोडीचा भाग त्याने लिहिला. मी त्याच्या टेबलावर तुझी ओळ ठेवली. तुझी आहे असं सांगितलं नाही. आधी तो म्हणाला, "आपलंच चुकलं असणार, जुनं मशीन इतकी वर्षं चालतंय." मग दोन दिवस त्याने मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः माझ्याकडे आला, चेहरा पांढराफटक.

"बाई, म्हातारा चुकतोय," म्हणाला.

त्याने जे समजावलं ते तुला सांगते, कारण तुला ते कळण्याचा पहिला हक्क आहे. एक भागिले तीन दशांशात लिहायला घेतलं तर तीन तीन तीन संपतच नाहीत, आपण कुठेतरी थांबतो. मशीनचं तसंच, फक्त ते साध्या दशांश एकलाच अडतं. त्याला तो पुरा लिहिताच येत नाही. मग ते कुठेतरी तोडतं. कुठे तोडायचं, याची जुन्याची रीत वेगळी, नव्याची वेगळी. तुझे तीन तुकडे म्हाताऱ्याने जोडले तेव्हा ते झाले एकोणपन्नास पूर्णांक नऊ नऊ नऊ, आणि पुढे नऊंची रांग. आणि त्या प्रोग्रामला शिकवून ठेवलेलं काय? टिंबाच्या पुढचं सगळं टाकून द्या. राहिले एकोणपन्नास. पन्नासवाल्या सगळ्यांचं असं होत नाही, काही ठरावीक बेरजाच अशा अडतात. म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

तुझं सगळं त्या टाकून दिलेल्या नऊंत गेलं. मला पुढचं ऐकवेना. मी उठून जिन्यात जाऊन उभी राहिले.

नंतर मीटिंग. आमची मॅडम, मंडळाचे परीक्षा नियंत्रक, चष्मिस आणि मी. मी दोनशे अकरा ओळी मांडल्या. मला वाटलं, नियंत्रक साहेब खुर्चीतून उडतील. ते म्हणाले, "म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर जुन्याशी जुळत नाही."

मी म्हटलं, "सर, जुनं चूक आहे."

"बाई, निकाल लागून गेलेत. कागदावर जे आहे ते बरोबर. तुम्ही जुन्यासारखं चालवून दाखवायचं, एवढाच करार आहे."

मी मॅडमकडे पाहिलं. बाई वाईट नाही रे, माझ्या आजारपणात घरी डबा पाठवणारी आहे. पण तीही म्हणाली, "आपण जुळणी विकतो. खरं-खोटं विकत नाही."

मग चष्मिसला हुकूम झाला, दुभाष्याला म्हाताऱ्यासारखंच तोडायला शिकव. त्याने शिकवलं. मी वेळ लावली. सहा मिनिटांची झाली एकोणीस. चुकायला तिप्पट वेळ लागतो, दादा. आता सगळ्या ओळी जुळतात. दोनशे अकराच्या दोनशे अकरा नापास. फरक शून्य. एरवी हा शून्य दिसला की आम्ही पेढे मागतो. परवा कुणी पेढ्यांचं नाव काढलं नाही.

शेवटचा अहवाल माझ्या सहीने जायचा आहे. अजून केलेली नाही.

खार

२५ जानेवारी

दादा,

बाबांना सांगितलं.

सहा दिवस टाळलं. त्यांचं वय, त्यांचे गुडघे, डोळ्यांत उतरलेला मोतीबिंदू, सगळी कारणं पुढे केली. शेवटी रविवारी सकाळी ते नखं कापत बसले होते, तेव्हा समोर जाऊन बसले आणि म्हटलं, "बाबा, मंडळाचं मशीन चुकत होतं."

"कुठलं मशीन?"

"तुमचं."

हसले. "माझं मशीन? सगळं मंडळ चुकेल, ते चुकायचं नाही."

मी कागद पुढे केला. तीन आकडे लिहिलेले, बेरीज रिकामी. कुणाचे ते सांगितलं नाही. त्यांनी भिंग लावलं, पेन्सिल घेतली. तुला त्यांची पद्धत माहीत आहे, हातचासुद्धा लिहून ठेवतात. पन्नास लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, "बरं, मग?"

"मशीनने याला एकोणपन्नास दिले."

"शक्य नाही." परत बेरीज केली. मग उलटीकडून केली. मग म्हणाले, "आकडे चुकीचे उतरवलेस तू."

मी म्हाताऱ्याचा छापील कागद ठेवला. त्यांनी भिंग हळूहळू सरकवत ओळ वाचली, आणि बैठक क्रमांकाशी ते थांबलं. दादा, त्यांनाही तो पाठ होता. मला हे माहीत नव्हतं. चौदा वर्षं या घरात दोघांना एक आकडा पाठ होता आणि दोघांनीही तोंडातून काढला नव्हता.

नेलकटर खाली पडलं ते त्यांनी उचललं नाही. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी जिन्यावरून धावत उतरलं. मग ते म्हणाले, "तो मला म्हणाला होता. इथेच उभा राहून म्हणाला होता. गुणांचे मूळ कागद असलेल्या पेट्यांच्या किल्ल्या माझ्या खिशात होत्या त्या वेळी."

मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत, बाबा."

"माहीत करून घ्यायला दहा मिनिटं लागली असती. मीच म्हटलं, माझ्या पोरासाठी पेटी उघडली असं लोक म्हणतील." मग एकदम माझ्याकडे वळले. "पण त्याने फेरबेरजेचा अर्ज का नाही केला? अर्ज आला असता तर उघडावीच लागली असती. केला होता का त्याने?"

मी काय उत्तर दिलं, ते आज लिहीत नाही.

परवा बाबा म्हणाले, एकोणपन्नासवर नापास झालेले सगळे दाखव, नुसते दोनशे अकरा नाही. नियमात बसत नाही, तरी मी छापून आणले. बाराशेच्या वर आहेत. भिंग घेऊन बसले आहेत. मी म्हटलं, "बाबा, मशीनने तपासून झालंय." ते म्हणाले, "मशीनचं नाव काढू नकोस."

खार

२ फेब्रुवारी

दादा,

आज जे लिहिते आहे ते वाचल्यावर पुढचं एकही पत्र उघडू नकोस असं वाटलं तर उघडू नकोस.

जुन्या फाइलींत दुरुस्त्यांची एक वेगळी नोंद असते. ज्यांनी फेरबेरजेचा अर्ज केला त्यांची. काल ती हाती लागली. आमच्या दोनशे अकरांपैकी नऊ जणांनी सोळा वर्षांत अर्ज केला होता. नऊच्या नऊ जणांची बेरीज कारकुनाने हाताने केली, पन्नास आले, आणि नऊही जणांना पास केलं. शेऱ्यात लिहिलंय, 'टंकलेखनाची चूक'. मशीनवर कुणाचा संशयच गेला नाही.

म्हणजे अर्ज केला की पास. नऊपैकी नऊ.

तू अर्ज केला होतास.

तू तो भरलास, सही केलीस, आणि बाबांच्या ऑफिसात तुला पाऊल ठेवायचं नव्हतं म्हणून माझ्याकडे दिलास. म्हणालास, "खार, शुक्रवार शेवटचा दिवस. खिडकी क्रमांक तीन. विसरू नकोस." मी विसरले नाही. मी शुक्रवारी त्या खिडकीसमोर रांगेत उभी होते. माझ्यापुढे दोन माणसं होती. काचेपलीकडे बाबा कुणालातरी हसून काही सांगत होते. आणि मी रांगेतून बाहेर पडले.

तुला येऊन सांगितलं, अर्ज दिला. तीन आठवड्यांनी सांगितलं, उत्तर आलं, बदल नाही. तू विचारलंस, "उत्तराचा कागद कुठाय?" मी म्हटलं, "तोंडीच सांगितलं खिडकीवर." तू माझ्यावर विश्वास ठेवलास. त्याच संध्याकाळी बाबांशी तुझं वाजलं आणि चौथ्या दिवशी तू गेलास.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, बाबांची ऑफिसात मान खाली जाऊ नये म्हणून मी तसं केलं. पहिल्या पत्रात तुला सांगितलं, मी लहान होते. मी एकोणीस वर्षांची होते. एकोणीस म्हणजे लहान नव्हे. खरं कारण इतकं साधं आहे की लिहिताना लाज वाटते. मला वाटलं, तू खोटं बोलतोयस. तू दुपारभर मैदानावर असायचास ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, अभ्यास केला नाही आणि आता बेरजेला नावं ठेवतोय. बाबांसारखंच वाटलं मला. त्यांनी निदान तोंडावर म्हटलं.

अर्ज फाडला नाही. कपड्यांच्या कपाटात तळाच्या कागदाखाली आहे. कपाट आवरताना दर वेळी समोर येतो. म्हणून क्रमांक पाठ.

काल त्या नऊ ओळी वाचल्यावर मी घरी चालत आले. दीड तास लागला. वाटेत कुठली दुकानं आली, रस्ता कुठे ओलांडला, काही म्हणजे काही आठवत नाही. इतके दिवस मी मशीनच्या नावाने बोटं मोडत होते. मशीनची चूक नऊ जणांच्या बाबतीत एका कागदाने निस्तरली. तुझा कागद माझ्या हातात होता.

बाबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, "माहीत नाही."

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. तुला कळायला हवं होतं, एवढंच.

१३ फेब्रुवारी

दादा,

हेही पाठवते. उघडशील की नाही माहीत नाही.

बाबांना अर्ज दाखवला. कपाटातून काढून तसाच त्यांच्या हातात दिला. त्यांनी भिंगाने तुझी सही पाहिली, तारीख पाहिली. मला वाटलं, आता हात उगारतील. उगारला असता तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "हा माझ्याच टेबलावर आला असता."

"तुम्ही घेतला असता?"

"घ्यावाच लागला असता. नियम आहे." मग भिंग खाली ठेवत, "तू काचेतून मला पाहिलंस, म्हणालीस?"

"हो."

"मी हसत होतो?"

"हो."

अर्ज घडी घालून त्यांनी खिशात ठेवला आणि परत बाराशे ओळींकडे वळले. तीन दिवस माझ्याशी एक शब्द नाही. चहा ठेवला तर घेत, कप स्वतः धुऊन ठेवत.

चौथ्या दिवशी हाक मारली. "इकडे ये. हे चौदा जण बघ. म्हातारा म्हणतो एकोणपन्नास. तुझा पहिला, न बिघडवलेला दुभाष्यासुद्धा म्हणतो एकोणपन्नास. मी म्हणतो पन्नास."

मी पडताळलं. बाबा बरोबर होते. दादा, मी अकरा वर्षं हे काम करते, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दोन मशीन जुळवून बघितली की जिथे वेगळं बोलतात तेवढंच दिसतं. दोघंही एकच चूक करत असतील तर जुळणी म्हणते, सगळं ठीक! चौदा माणसं माझ्या 'ठीक'मध्ये गाडली गेली असती. बाबांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ताणाने की कशाने, ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मंडळात गेलो. मी माझा अहवाल नेला होता. सहीच्या वर एक ओळ असते, 'अचूकता'. तिथे मी लिहिलं: जुन्याशी तंतोतंत जुळते, आणि जुने चुकीचे आहे, दोनशे पंचवीस उमेदवार, यादी सोबत. मॅडमला आधी दाखवलं होतं. वाचून ती म्हणाली, "मी तुला थांबवलं होतं असं सांगेन. तुलाही तसंच सांगावं लागेल." मला त्या कामावरून काढलं आहे. नोकरी आहे, सध्या तरी.

नियंत्रक साहेबांनी बाबांना ओळखलं, उठून खुर्ची दिली. यादी बघितल्यावर त्यांचा आवाज चढला. "तुम्ही बापलेक मिळून मला बुडवायला आलात का?"

बाबा म्हणाले, "बुडालोय तो मी. अकरा वर्षं हे मशीन मी चालवलं. तुम्ही अजून काठावर आहात, साहेब. ही यादी घ्या, म्हणजे तिथेच राहाल."

"याचा पुरावा काय?"

बाबांनी बाराशे ओळींचा गठ्ठा टेबलावर ठेवला, शेजारी पेन्सिल ठेवली. "खूण केलेली कुठलीही ओळ घ्या. तुमच्या हाताने बेरीज करा."

साहेबांनी एक ओळ घेतली. केली. दुसरी घेतली. तिसऱ्या ओळीनंतर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि शिपायाला म्हणाले, दार लावून घे. तसाच चेहरा मी माझा आरशात पाहिला होता, ऑफिसात, त्या पहिल्या दिवशी.

पुढे काय होतं ते कळवीन. तुला नको असेल तरी कळवीन, कारण ते तुझं आहे.

९ एप्रिल

थोरल्या,

अक्षर तिचं आहे, पण शब्द माझे आहेत. माझ्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, अजून तीन आठवडे लिहिणं-वाचणं बंद आहे. मी सांगतो, ती लिहिते. मध्ये स्वतःचं काही घालायचं नाही असं मी तिला बजावलं आहे.

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर फक्त माझं नाव होतं आणि आत तू लिहिलं होतंस की हे तिला दाखवू नका. तुला शस्त्रक्रियेचं माहीत नव्हतं. घरात वाचून दाखवणारी तीच. तिने वाचून दाखवलं. तिच्याबद्दल तू जे लिहिलं आहेस तेही वाचलं, आवाज न बदलता. ती गेल्यावर मी वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना बोलावून तेच पत्र पुन्हा वाचून घेतलं. तिने एकही शब्द गाळला नव्हता. मी यापुढे कुठलीही गोष्ट दोनदा तपासणार आहे, आपल्या माणसाची तर तीनदा.

आधी कामाचं. मंडळाने चूक मान्य केली. दोनशे पंचवीसपैकी नऊ जण पूर्वीच सुटले होते. उरलेल्या दोनशे सोळा जणांना पत्रं गेली. सात जण आता हयात नाहीत. एक बाई परवा आपल्या घरी आली होती, पत्ता शोधत. तुझ्याच वर्षाची. ओरडेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "तेव्हा मशीन चालवायचे ते तुम्हीच का?" मी हो म्हटलं. ती तासभर समोर बसून होती आणि मग काहीच न बोलता निघून गेली. मला अजून कळलेलं नाही, तिने काय बघितलं.

तुझा परवाना तयार आहे. तो टपालाने देत नाहीत, सहीसाठी स्वतः यावं लागतं. तू लिहिलंस, छत्तिसाव्या वर्षी शीतगृहात खोकी उचलणाऱ्या माणसाने त्या कागदाचं काय करावं. मला सांगता येत नाही. पण कागद तुझा आहे आणि तो दुसऱ्याच्या कपाटात राहू नये.

तू विचारलंस, मी तिला माफ केलं का. ती इथे लिहिताना थांबली आहे. मी सांगितलं, थांबू नकोस, म्हणतो तसं लिही. थोरल्या, तिला माफ करायची माझी पायरी नाही. तिच्या हातात एक कागद होता, माझ्या खिशात किल्ल्या होत्या. तिने तुझ्यावर विश्वास ठेवला नाही, कारण तिने मला ठेवताना पाहिलं नव्हतं. तुझं तू ठरव. माझ्याबद्दलही ठरव. मी ऐकून घेईन.

ती म्हणते, तू येशील त्या दिवशी ती मैत्रिणीकडे जाऊन राहील, म्हणजे तुला तिचं तोंड बघायला नको. मी नाही म्हटलं आहे. चौदा वर्षांपूर्वी या घरातून एक जण गेला तेव्हा मी अडवलं नाही. आता दुसऱ्याला जाऊ देणार नाही.

तिकडून येणारी गाडी सकाळी पोचते ना? मला सध्या जिना उतरता येत नाही, पण मी जागा असेन. बेल वाजव. दार तीच उघडेल.

बाबा